खंडेनवमीला सोडलेल्या वायरी

आधी शेणवे गावच्या वयनीचे उपकार सांगतो, मग काय घडलं ते. उलट सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटायचं की मी माझ्या हुशारीनं वाचलो. माझी हुशारी आठवी अर्धवट एवढीच आहे. वाचवलं ते वयनीनं.

तिचं नाव लिहिणार नाही. मी हे सगळं वहीत उतरवतोय असं तिला सांगितलं, तेव्हा ती वायरिंगच्या टेबलावर स्क्रू आवळत होती. मान वर न करताच म्हणाली, "माझं नाव नको टाकू हां. उद्या त्या बाहेरच्या देशातल्यांनी वाचलं तर मलाच शोधत येतील शेणव्याला." टेबलावरच्या सगळ्या बाया हसल्या. म्हणून नाव नाही. वहिनीला इकडे वयनी म्हणतात, आणि आमच्या कारखान्यात तिला साहेबसुद्धा वयनीच म्हणतात.

मी परभणीकडचा. सहा वर्षांपूर्वी गावातल्या एकाच्या ओळखीनं मुरबाडला आलो. गावाकडे सगळ्यांना वाटतं मी मुंबईला असतो. मुरबाडहून मुंबई किती लांब आहे, हे समजावून सांगायचं मी आता सोडून दिलं आहे. एमआयडीसीत एका कारखान्यात विजेची कंट्रोल पॅनेलं तयार होतात, म्हणजे वीजकेंद्रात उभी असतात ती लोखंडी कपाटं, आत वायरींचं जंजाळ असलेली. त्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर छापलेली एक पिवळी नळी चढवतात. तिला फेरूल म्हणतात. या टोकाला जो नंबर तोच त्या टोकाला. कपाट हजारो मैल लांब गेलं आणि तिथं बिघडलं, तरी तिथला माणूस नंबर बघून वायर शोधतो. हे नंबर कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि मशीनवर छापायचे, हे माझं काम. मी एक नंबर दोनदा वाचतो, छापल्यावर तिसऱ्यांदा वाचतो. स्वभावच तसा आहे. खोलीला कुलूप लावून स्टँडपर्यंत गेलो तरी परत येऊन कुलूप ओढून बघतो.

पहिल्याच आठवड्यात वयनीनं माझ्या हातावर फटका मारला होता. एका तयार पॅनेलमधली वायर चुकली होती, ती मी सोडवायला गेलो. तिनं माझा हात धरला.

"खूण केलीस?"

"नाही."

"सोडायच्या आधी खूण करायची. बायको रुसून म्हायेरी गेली तर आठ दिवसांनी येते. वायर बिनखुणेची सुटली तर नाय येत."

मी म्हणालो, "माझं लग्न नाही झालं अजून."

"मंग वायरीच सांभाळ."

तेव्हापासून माझं बस्तान त्या टेबलाशी बसलं. वयनी शेणव्याहून बायांच्या जीपमधून येते. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं नाहीतर सुकटीचं कालवण. मला पहिले सहा महिने त्या भाकरीनं पोट भरल्यासारखंच वाटायचं नाही. ज्वारीच्या भाकरीची सवय. वयनी म्हणायची, "तुमच्याकडं काय असतं एवढं त्या ज्वारीत?" मी हुरड्याचं सांगायचो. थंडीत शेतातच आगटी पेटवतात, कोवळी कणसं भाजून तळहातावर चोळतात, गरम दाणे, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. ती ऐकायची आणि म्हणायची, "सांगतोस तर असं, जशी काय ताटात वाढतोयस." ही गोष्ट इथंच ठेवतो, शेवटी लागेल.

आता त्या दोन पेट्यांचं.

फेरूलची खोली लहान, पण एसी आहे. मशीनला धूळ चालत नाही म्हणून. थंड आणि कोरडी जागा म्हणून कारखान्याच्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं एकत्र येतात ते काचेचं कपाटही माझ्याच खोलीत बसवलं होतं. त्यात दोन काळ्या पेट्या, एकीखाली एक. दोन्हींवर बारीक हिरवे दिवे लुकलुकतात. वरच्या पेटीला टेस्टिंगच्या खोलीतले कॉम्प्युटर जोडलेले. परदेशातल्या एका मोठ्या वीज कंपनीसाठी आम्ही पॅनेलं करायचो, त्यांची ड्रॉइंगं आणि त्यांचे प्रोग्राम त्या कॉम्प्युटरांत असायचे, आणि त्यांना इंटरनेटचा वाराही लागू द्यायचा नाही असा करार होता. खालची पेटी ऑफिसची, बाहेरच्या जगाशी जोडलेली. टेस्टिंगच्या इंजिनीअरनं मला सुरुवातीला एकदा सांगितलं होतं, "वरची आतली, खालची बाहेरची. यांची भेट होता कामा नये." मी मान डोलावली होती. सासू-सुनेचं असतं तसं काहीतरी असेल असं वाटलं आणि विसरून गेलो.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, फक्त धुवायचं-पुसायचं आणि हळदकुंकू वाहायचं. गेटवर मोबाइल जमा करायचा नियमही त्या एका दिवसापुरता सैल असतो. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून येतात, किन्हवलीकडून झेंडूची टोपली येते, केळीच्या पानावर पकडी, पेचकस, कटर ओळीनं मांडतात. मांडणी दरवर्षी माझ्या खोलीत, कारण सगळ्यात स्वच्छ खोली ती. आधीच्या वर्षी त्या काचेच्या कपाटाला बाहेरूनच हार घातला होता. त्या वर्षी मला वाटलं, बाकीची मशिनं आतून-बाहेरून घासून लख्ख केली, मग यांनी काय पाप केलंय? बोटभर धूळ बसलेली. मी कपाट उघडलं. पेट्यांच्या निळ्या वायरी एकेक करून काढल्या, पेट्या बाहेर घेतल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, मग कोरड्या. दोघींना हळदकुंकू लावलं. परत ठेवल्या, वायरी खोचल्या. जितकी भोकं रिकामी झाली होती तितकी भरली. हिरवे दिवे पुन्हा लुकलुकायला लागले. मला फार बरं वाटलं. वयनीनं आरती म्हटली, पेढे वाटले, बायांनी सजवलेल्या कपाटापुढं उभं राहून फोटो काढले.

जगातल्या सगळ्या वायरींना दोन्ही टोकांना नंबर चढवणारा माणूस मी. त्या निळ्या वायरींना एकही नंबर नव्हता, आणि मी खूण केली नव्हती. मशीनची वायर ती वायर, आणि कॉम्प्युटरची म्हणजे नुसती दोरी, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

दिवाळीला गावी जाऊन आलो. आल्यावर आठवड्याभरात दोन पाहुणे आले. एक मॅडम, पस्तिशीच्या, मराठी बोलणाऱ्या. आणि एक वयस्क गृहस्थ, ते फक्त इंग्रजी आणि थोडं हिंदी बोलायचे. परदेशी कंपनीनं पाठवलेले, कॉम्प्युटरमधली चोरी शोधणारे. साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. आपल्या टेस्टिंगच्या कॉम्प्युटरांत बाहेरून कुणीतरी शिरलं होतं. संशय असा, की हे भुरटे चोर नाहीत, एका मोठ्या देशाच्या सरकारच्या पगारावर काम करणारी माणसं असावीत. त्या देशाचं आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या देशाचं जमत नाही. दोघंही एकमेकांच्या वीजकेंद्रांत, बँकांत, फोनांत डोकावत असतात आणि दोघंही म्हणतात, आम्ही नाही त्यातले. मोठ्या घराची भिंत उंच असते, म्हणून ते आधी त्या घराला सामान पुरवणाऱ्यांकडे जातात.

"म्हणजे आमी सुताराचं घर," वयनी म्हणाली. "वाड्याच्या दाराची किल्ली सुताराकडं."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

मग एकेकाला बोलावून विचारणं सुरू झालं. मला विचारलं, कुणी अनोळखी ईमेल? पेनड्राइव्ह लावला? मोबाइल चार्जिंगला लावला? मी सगळ्याला नाही म्हणालो आणि ते खरंच होतं. निघताना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगच्या इंजिनीअरला सकाळपासून दुपारपर्यंत आत बसवून ठेवलं होतं. त्याचा मोबाइल आणि लॅपटॉप काढून घेतलेला. गेटवरचा वॉचमन ज्याला त्याला सांगत होता, "आपल्यातच हेर निघाला. टीव्हीवर येणार आता मुरबाड." इंजिनीअर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कणकेसारखा झाला होता. पाण्याच्या कूलरशी माझ्या शेजारी उभा राहून कुणाला तरी म्हणाला, "आतल्या पेटीची एक वायर बाहेरच्या पेटीत आहे म्हणे. ती मी का लावीन? त्या कपाटाला मी वर्षभर हात लावलेला नाही."

माझ्या हातातला पेला भरून पाणी सांडायला लागलं, तरी मी नळ बंद केला नाही.

त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच मिटला. डोक्यात नुसता पळापळीचा खेळ. सांगितलं तर नोकरी जाणार. नोकरी जाईल इतकंच असतं तर ठीक. हेर म्हणून पोलीस गावाला जातील. माझ्या आईला हेर म्हणजे काय हेही माहीत नाही, पण पोलीस म्हणजे काय ते माहीत आहे. इथल्या कुणाला काही झालं तर चार गावं उभी राहतात, कुणाचा मामा सरपंच, कुणाचा चुलता पतपेढीत. माझं इकडे कोण? आणि नाही सांगितलं, तर तो पोरगा माझ्या जागी बसणार. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं.

वयनी समोर येऊन बसली. "काय रे, जेवत का नायस?"

"भूक नाही."

"तुजं पोट दुखतंय का मन?"

मी खाली बघून सांगितलं. धूळ, फडकं, हळदकुंकू, सगळं. वाटलं होतं ती कपाळाला हात लावील. तिनं एकच विचारलं.

"खूण केलेलीस?"

"नाही."

तिनं माझ्या डब्याचं झाकण काढून त्यात तिच्या भाकरीचा चतकोर ठेवला. "हा खा आधी. उपाशी माणसाचं बोलणं खोटं वाटतं. मंग जाऊ."

"जाऊ म्हणजे?"

"मी येते ना. तुला काय एकट्याला धाडते?"

"वयनी, तुम्हाला कशाला यात? तुमची वीस वर्षांची नोकरी."

"पूजा कोणी सांगितली? मी. आरती कोणी म्हटली? मी. देव माझा, झेंडू माझे, आणि चोर तू एकटा? हे बरंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो पोरगा अडकलाय ना, त्याच्या आयशीचा इचार कर. तुज्या आयशीचा मी करते."

मी चतकोर संपवला. वयनी उठली, गेटवर जाऊन वॉचमनकडून स्वतःचा मोबाइल मागितला. तो म्हणाला नियम नाही. ती म्हणाली, "हेर पकडायला जातेय, दे." त्यानं दिला.

आत साहेब, मॅडम आणि ते इंग्रजी गृहस्थ. "मॅडम, ती वायर..." एवढंच माझ्या तोंडून आलं. वयनीनं मला बोलू दिलं. मधे बोलली नाही, फक्त माझ्या मागं उभी राहिली. म्हणून मी शेवटपर्यंत बोललो. खंडेनवमी म्हणजे काय, मशीनची पूजा का करतात, ओलं फडकं, कोरडं फडकं. मॅडम इंग्रजीत सांगत होत्या आणि ते गृहस्थ कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मधे त्यांनी काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते विचारतायत, कॉम्प्युटरला कुंकू का?"

साहेबच पुढं झाले. "पोट त्याच्यावर चालतं म्हणून."

गृहस्थांनी मान हलवली. मग मॅडमचा प्रश्न आला, तोच ज्याची मला भीती होती. "हे सगळं तुम्ही आता सांगताय. तेव्हाच झालं, असं कशावरून? आधीपासूनच वायर तिथं नव्हती कशावरून?"

माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हा वयनीनं मोबाइल पुढं केला. "हा बघा मागच्या खंडेनवमीचा फोटो. ही मी, ही किन्हवलीची, हे मागं कपाट. आणि हा यंदाचा, पूजा झाल्यावरचा." तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. तिला चष्म्याशिवाय फेरूलवरचा नंबर दिसत नाही, पण वायर कुठून कुठं जाते ते बरोबर दिसतं. मागच्या वर्षीच्या फोटोत, काचेतून, वरच्या पेटीत शेवटच्या भोकात वायर होती. दुसऱ्या फोटोत, झेंडूच्या हाराखाली, ते भोक रिकामं आणि खालची पेटी भरलेली.

मॅडमनी फोन हातात घेतला आणि जाग्यावरून उठल्या. फोटोवर तारीख होती, वेळ होती. इंग्रजी गृहस्थांनी आपल्या लॅपटॉपवर काहीतरी ताडून बघितलं. चोर आत आल्याची पहिली खूण त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची होती. म्हणजे दार त्या दुपारी उघडं पडलं आणि चौथ्या दिवशी चोरांच्या लक्षात आलं. त्याआधीचं काहीही गेलेलं नाही, इंजिनीअर मोकळा, आणि नेमके किती दिवस तपासायचे ते कळलं. मॅडम म्हणाल्या, "हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले असते."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक मोठी आहे. पण तुम्ही स्वतःहून आलात."

मी रडलो, हे वयनीनं सगळ्यांना सांगितलंच आहे, त्यामुळे लपवून उपयोग नाही.

साहेबांनी नोकरी ठेवली. शिक्षा म्हणा नाहीतर काम म्हणा, कारखान्यातल्या एकूणएक कॉम्प्युटरच्या वायरीला दोन्ही टोकांना फेरूल चढवायचं मला सांगितलं. आठ दिवस मी आणि वयनी टेबलांखाली रांगत होतो. आतल्या जाळ्याला पिवळं फेरूल, बाहेरच्याला पांढरं. दोन पेट्याही आता दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. इंजिनीअरनं लग्नाची पत्रिका पहिली मला दिली.

जाण्याआधी मॅडम एकदा माझ्या खोलीत चहा घेत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, की ते त्या देशाचेच होते हे नक्की का? त्या म्हणाल्या, नक्की असं कधीच कळत नाही. संशय एवढ्यावरून, की ते आत यायचे त्यांच्या तिकडच्या घड्याळानं सकाळी नऊला, संध्याकाळी सहाला जायचे, मधे तासभर कुणी हलायचं नाही, आणि त्यांच्या सणाच्या सुट्टीत चार दिवस कुणीच आलं नाही. चोर असा सुट्टी घेत नाही. नोकरदार घेतो.

वयनीला हे सांगितलं तर ती किती वेळ हसत होती. "म्हणजे डबा खायला पण जातात?"

"जात असतील."

"त्यांच्यात खंडेनवमी नाय वाटतं."

"कशावरून?"

"असती तर त्यांच्या पण वायरी उलट्या लागल्या असत्या."

गेलं काय, तर काही ड्रॉइंगं आणि माझी फेरूलची यादी. मी टाइप केलेले नंबर. ते ऐकून मला भीती वाटायला हवी होती, पण मनात दुसरंच आलं. आमच्या गावात आजवर माझं लिहिलेलं कुणी वाचलं नाही, आणि तिकडे लांब कुठंतरी, डबा शेजारी ठेवून, एक सरकारी नोकर माझे नंबर ओळीनं वाचत बसला असेल. एका पानावर मी एकच नंबर दोन वेगळ्या वायरींना टाकला होता. ते बघून तो बुचकळ्यात पडला असेल, यात काय गुपित आहे म्हणून. वयनी म्हणाली, "आता तरी नीट टाइप कर. लोक वाचतात."

आता सगळं ठीक आहे. कुलूप अजून दोनदाच ओढतो, तीनदा नाही. तांदळाची भाकरी आवडायला लागली आहे, हे आईला सांगितलेलं नाही. खंडेनवमी पुन्हा आली तेव्हा कपाटाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. वयनीनंच काचेबाहेरून हार घातला आणि मला म्हणाली, "लांबूनच पाया पड."

वयनी पुढच्या वर्षी काम सोडणार आहे. डोळ्यांना झेपत नाही म्हणते. तिच्या टेबलासाठी मी नंबर जरा मोठे छापतो, ते तिच्या लक्षात आलं आहे, ती बोलत नाही. शहापूर आणि मुरबाड सोडून ती फारशी कुठं गेलेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "मला कोण नेतंय?"

मी नेणार. तिनं काम सोडलं की त्याच थंडीत. एसटीनं, खिडकीची जागा धरून, पांघरूण बरोबर घेऊन. आमच्या शेतात आगटीपाशी तिला बसवणार, कणीस मी भाजणार, मी चोळणार, पहिली मूठ तिच्या हातावर. आणि आईला सांगणार, ही ती, जी त्या दिवशी माझ्या मागं उभी होती. आईला अजून यातलं काही माहीत नाही. वयनी आली की सांगीन, आधी नाही.